हळदीचे दूरदेशीचे गणगोत

सांगलीच्या बाजारात हळदीचे सौदे सुरू झाले की पिवळी धूळ अंगाखांद्यावर बसते. या मालाला 'पिवळे सोने' म्हणायची रीत आहे. आपण ती उपमा समजतो. पण व्युत्पत्ती सांगते, हे चक्क नाते आहे.

संस्कृतात 'हरि' म्हणजे पिवळसर, हिरवट. 'हरिद्रा' त्यावरूनच आली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. सोने या अर्थाचा 'हिरण्य'ही याच कुळातला. आता जरा युरोपात जाऊ. सोन्याला रशियन लोक 'झोलोतो' लिहितात, पोलंडमध्ये 'झ्वोतो' म्हणतात, तर झेक भाषेत 'झ्लातो'. या साऱ्यांच्या मुळाशी पंडितांनी 'झोल्तो' हा आदिस्लाव शब्द मांडला. तो कुठल्याही पोथीत सापडलेला नाही. नातींच्या चेहऱ्यांवरून आजीचा चेहरा ताडावा, तसा तो ताडलेला. म्हणून छापताना त्याच्याआधी तारका घालतात. मूळ भाषेतल्या 'घ'सारख्या ध्वनीचा संस्कृतात 'ह', स्लाव भाषांत 'झ', इंग्रजीत 'ग' झाला. तेव्हा हळद, झोल्तो आणि 'गोल्ड' ही दूरची भावंडेच!

'झोल्तो' नपुंसकलिंगी, आपले सोनेही नपुंसकलिंगी. शब्द वेगळे, पण तीन लिंगांचा वारसा एकच. हिंदीने तिसरे लिंग टाकले, मराठीने राखले.

हळदीची गंमत आणखी आहे. जीभ-जिभेचा, वीट-विटेचा, मग हळद-हळदेचा का नाही? प्राकृतात 'हलद्दा' आणि 'हलद्दी' अशी दोन्ही रूपे होती. 'हळदीचा' म्हणताना आपण दुसरीची आठवण ठेवतो, असे मला वाटते. शाळेत हे कुणी सांगितले असते तर विभक्तीचा तक्ता इतका कडू लागला नसता.

साताऱ्याहून सांगलीकडे येणारी कृष्णा हरिपूरला वारणेला भेटते. तिथे जमिनीत खोल खणलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकून राहत असे. २००५च्या महापुराचे पाणी त्या पेवांत शिरले आणि पिढ्यांच्या त्या पद्धतीला मोठा फटका बसला. पुढे २०१८मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. गल्लोगल्ली क्लासचे पेव फुटले, असे आपण अजून सहज म्हणतो. पेव आत डोकावून पाहिलेली मुले मात्र आता सांगलीतही शोधावी लागतील.