चौकाच्या कोपऱ्यावरचं पाणी

पाऊस थांबून तासभर झालेला असतो. रस्ता मधोमध कोरडा पडलेला असतो, वाहनं सुरळीत चाललेली असतात. आणि तरीही रस्ता ओलांडायला निघालेला माणूस चौकाच्या कोपऱ्यावर थबकतो. कारण पदपथावरून पाऊल जिथे खाली टाकायचं, नेमकं तिथेच डबकं साचलेलं असतं. आपण म्हणतो, गटार तुंबलं असेल. पुष्कळदा ते खरंही असतं. पण काही वेळा जाळी स्वच्छ असते, गटार वाहतं असतं, आणि पाणी मात्र त्या जाळीपासून चार हातांवर निवांत उभं असतं. तिथवर जायला त्याला ढाळच नसतो.

हा ढाळ कुठे हरवतो? आणि रस्त्यांचे आराखडे आज संगणकावर होत असतानाही तो का हरवतो? रस्त्यांचे आराखडे करणं हा माझा व्यवसाय असल्यामुळे हे प्रश्न मला नेहमी विचारले जातात. आज त्यांचं उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तसा पाऊस आला तर कोपऱ्याच्या आखणीने फारसा फरक पडत नाही. मी बोलतो आहे ते श्रावणातल्या एखाद्या साध्या सरीनंतर उरणाऱ्या पाण्याबद्दल.

आपल्याला रस्ता सपाट दिसतो, पण तो कासवाच्या पाठीसारखा असतो. मधोमध उंच, दोन्ही कडांना उतरता. चांगल्या डांबरी रस्त्याला हा उतार साधारण २ टक्के ठेवतात, म्हणजे दर मीटरला २ सेंटिमीटर. रस्ता १५ मीटर रुंद असेल तर मध्यापेक्षा कडा १५ सेंटिमीटर खाली असते. पावसाचं पाणी कडेला येतं. तिथे पदपथाला लागून बसवलेले ठोकळे, ज्यांना आपण कर्ब म्हणतो, ते त्याला अडवतात. मग कर्बच्या पायथ्याशी पन्हळीतून वाहावं तसं ते पुढे जातं आणि जाळीत पडतं. कर्ब म्हणजे पदपथाची नुसती किनार नव्हे, ती या पन्हळीची एक भिंत आहे.

सरळ रस्त्यावर हे सारं सोपं आहे. अडचण येते ती चौकात. तिथे दोन कासवांच्या पाठी एकमेकींना भिडतात. एका रस्त्याची कडा वळत वळत दुसऱ्या रस्त्याची कडा होते. हे वळण म्हणजे बहुधा वर्तुळाचा पाव भाग असतो. त्याची त्रिज्या १० मीटर धरली, तर कर्बची लांबी भरते १५.७ मीटर. या एवढ्याशा लांबीत त्याला एका रस्त्याची उंची आणि उतार सोडून दुसऱ्या रस्त्याची उंची आणि उतार घ्यायचा असतो. पूर्वी, ट्रेसिंग पेपरवर नकाशे काढायच्या काळात, रस्त्याचे आडवे छेद दर १० किंवा २० मीटरला काढत. दर २० मीटरला छेद घेतला, तर १५.७ मीटरचा कोपरा दोन छेदांच्या मध्ये बेमालूम निसटून जाई. मग तो कागदावर कुणी आखायचाच नाही. गवंडी दोन टोकांना खुंट्या ठोकून आपल्या अंदाजाने जमवून घ्यायचा.

संगणकाने ही उणीव भरून काढली. सिव्हिल थ्री-डी किंवा ओपनरोड्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये आपण दोन्ही रस्त्यांच्या मध्यरेषा, त्यांचे चढ-उतार, रुंदी, आडवा ढाळ आणि चारही कोपऱ्यांच्या त्रिज्या सांगतो. पुढचा प्रश्न संगणकच विचारतो: मोठ्या रस्त्याची पाठ तशीच ठेवून छोट्याने जुळवून घ्यायचं, की दोघांनीही आपापली पाठ राखत मध्यात मिळायचं? उत्तर दिलं, की काही क्षणांत चारही कोपऱ्यांच्या कर्बच्या उंचीच्या रेषा पडद्यावर उभ्या राहतात. हातांनी दोन-दोन दिवस चालणारं काम चहा येईपर्यंत संपतं. यात काही अतिशयोक्ती नाही.

पण संगणक करतो काय, तर या टोकाची उंची त्या टोकाच्या उंचीला जोडतो. जोडलेली रेषा पाण्याला मानवेल की नाही, हे त्याला आपण विचारल्याशिवाय तो सांगत नाही.

एक उदाहरण घेऊ. दोन्ही रस्ते चौकाकडे १ टक्क्याने उतरत येतात आणि कोपऱ्याच्या दोन्ही टोकांची उंची सारखीच आहे. आता मधले १५.७ मीटर कसे जोडायचे? सरळ रेषेने जोडले तर ती रेषा पूर्ण आडवी होईल. दोन्हीकडून पाणी येणार आणि मध्ये ढाळ शून्य. सबंध कोपराभर पाणी पसरून उभं राहणार. दुसरा मार्ग म्हणजे दोन्ही उतारांना स्पर्श करणारी गुळगुळीत वक्ररेषा, शाळेत आपण जिला अन्वस्त म्हणत होतो ती. दिसायला ही फार सुबक. पण ती कोपऱ्याच्या मधोमध जवळजवळ ४ सेंटिमीटर खाली जाते. म्हणजे सगळं पाणी कोपऱ्याच्या नाकावर गोळा होणार. तिथे जाळी असेल तर ठीक. जाळी दुसरीकडे असेल तर तिथे कायमचं डबकं.

तिसरा मार्ग थोडा मेहनतीचा आहे. कोपऱ्याचा मध्य खाली नेण्याऐवजी किंचित वर उचलायचा. दोन्ही बाजूंना निदान अर्धा टक्का ढाळ मिळावा म्हणून ही उचल ठेवावी लागते सुमारे ४ सेंटिमीटर. मग पाणी कोपऱ्यावर येतच नाही. ते दोन्ही रस्त्यांवर, पादचारी पट्ट्याच्या अलीकडेच, पाणी येतं त्या बाजूला थांबवायचं आणि तिथे जाळी ठेवायची. एका जाळीऐवजी दोन लागतात, खर्च वाढतो. पण माणूस चालतो ती जागा कोरडी राहते.

यांपैकी कोणता मार्ग घ्यायचा, हा निर्णय संगणकाचा नाही. तो मात्र आपल्याला एक उत्तम सोय देतो. सिव्हिल थ्री-डीमध्ये तयार झालेल्या पृष्ठभागावर कुठेही बोट ठेवावं आणि पाण्याचा एक थेंब सोडावा. तो कसा वाहत जाईल याची रेषा पडद्यावर उमटते. ती जाळीपाशी संपली तर काम झालं. मध्येच थांबली तर डबकं कुठे होणार ते कळलं. ही तपासणी मिनिटभराची आहे. ती केली नाही, तर तीच तपासणी पुढे पाऊस करतो, दर वर्षी.

या ४ सेंटिमीटरसाठी मी एवढा आग्रह का धरतो? कारण कोपऱ्यावरच पदपथाचा उतरता रपटा असतो. पदपथ १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावा, असं इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२च्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलं होतं. रपट्याचा उतार १ः१२ धरला, तर १५ सेंटिमीटर उतरायला १.८ मीटर लांबी लागते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाल्यापासून असे रपटे करणं ही मेहेरबानी राहिलेली नाही. पण रपटा बिनचूक असून त्याच्या पायथ्याशी डबकं असेल, तर चाकाच्या खुर्चीची पुढची लहान चाकं पाण्याखालच्या खड्ड्यात अडकतात. पांढरी काठी पाण्याची खोली सांगू शकत नाही. आणि धडधाकट माणूस डबकं चुकवायला रस्त्याच्या मध्ये सरकतो, वळणाऱ्या वाहनांच्या वाटेत.

आता कागदावरून जमिनीवर येऊ. संगणकातला कोपरा कितीही नेमका असला तरी गवंड्याच्या हातात नुसता वरून पाहिलेला नकाशा दिला, तर तो पुन्हा दोरी ताणणार. आणि ताणलेली दोरी म्हणजे सरळ रेषाच. म्हणून कोपऱ्याच्या दर एक-दीड मीटरवरच्या उंचीचा तक्ता त्याला द्यावा लागतो. तो तक्ता सॉफ्टवेअर आपोआप छापून देतं. लेव्हलची नळी हातात असलेला गवंडी त्याप्रमाणे ठोकळे अचूक बसवतो. त्याच्या कसबाची शंका घेण्याचं कारण नाही, त्याला आकडे मिळायला हवेत.

शेवटचा शत्रू म्हणजे डांबर. जुना थर न खरवडता त्यावर नवा थर टाकायचा, ही सवय आपल्याकडे जुनी आहे. ४० मिलिमीटरचे तीन थर पडले की १५० मिलिमीटरच्या कर्बपैकी उरतो अवघा ३०. मग ना मूळ ढाळ राहतो, ना पन्हळीची भिंत. संगणकातला आराखडा मात्र तसाच देखणा असतो. म्हणून नव्या कामाआधी नवी मोजणी व्हायला हवी आणि थर टाकण्यापूर्वी जुना खरवडायला हवा.

आपल्या प्रभागात चौकाचं काम निघालं तर नागरिक म्हणून तीन गोष्टी विचारता येतात. कोपऱ्यातला सर्वांत सखल बिंदू कुठे आहे? जाळी त्याच बिंदूवर आहे का? आणि कोपऱ्याच्या उंचीचा तक्ता कामावर दिला आहे का? उत्तरं मिळोत न मिळोत, ठोकळे बसून कडेचं काम झालं, की एक बादली पाणी कर्बच्या कडेने ओतायला सांगा. त्याला सॉफ्टवेअर लागत नाही, आणि त्या वेळी काही बदलायचं असेल तर ते फार महाग पडत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)