न बोललेले दुखणे

भगिनींनो, आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठी पडेल, हे मी जाणून आहे. खोकताना, शिंकताना, हसताना किंवा पाण्याची कळशी उचलताना लघवी सुटणे, अथवा मोरीपर्यंत पोहोचण्याआधीच वस्त्र ओले होणे, ही गोष्ट चारचौघांत काढावयाची नसते, असे आपणां सर्वांना लहानपणापासून शिकविण्यात आले आहे. परंतु आपण लाजलो म्हणून दुखणे काही लाजून निघून जात नाही. ज्या व्याधीवर उपाय आहेत ती व्याधी केवळ मौनामुळे जन्माची सोबतीण होऊन बसते, एवढेच त्यातून घडते.

या मौनाचा विचार सुरतेत बसून करताना डॉ. रखमाबाईंची आठवण होणे स्वाभाविक आहे. मनाविरुद्ध लादलेला संसार नाकारल्याबद्दल १८८४ ते १८८८ या काळात मुंबईत त्यांच्यावर गाजलेला खटला चालला, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण पुढे लंडनला जाऊन त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले, आणि परतल्यावर आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे याच सुरत शहरात, स्त्रियांच्या रुग्णालयात काढली, हे मात्र सुरतेतील मराठी माणसालाही क्वचितच माहीत असते. पुरुष डॉक्टरापुढे तोंड उघडावयास तयार नसलेल्या बायकांसाठी स्त्री डॉक्टर हवी, ही त्या काळाची निकड होती. आज शहरात स्त्री डॉक्टरांची वाण नाही. सहारा दरवाजाजवळ महापालिकेचे स्मीमेर रुग्णालय आहे, मजुरा गेटपाशी नवे सिव्हिल रुग्णालय आहे. तरीही तोंडे मिटलेलीच आहेत.

लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबे राहतात. घरी बसून साड्यांवर खडे चिकटविणाऱ्या, धागे कापणाऱ्या बायका त्यांत पुष्कळ. ज्या बाईला हे दुखणे जडते ती प्रथम पाणी कमी पिऊ लागते. मग भुसावळच्या गाडीने माहेरी जाणे टाळते, कारण गर्दीत संडासापर्यंत पोहोचता येईल याचा भरवसा नसतो. लग्नमंडपात, कीर्तनात किंवा रविवारच्या मिस्सेला ती दाराजवळची, कडेची जागा धरते. हसण्याची गोष्ट निघाली की पदर तोंडाला लावून हसू आवरते. घरच्यांना वाटते, बाई अलीकडे घुमी झाली. वास येईल या भीतीने ती नातवंडाला मांडीवर घेत नाही, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. तो अभ्यास याच एका दुखण्यापुरता नव्हता. परंतु १०० पैकी ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि यापूर्वी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया १०० मध्ये जेमतेम ८ होत्या. गावाने ज्यांना धडधाकट समजावे त्याच या बायका.

आता या दुखण्याचे मूळ पाहू. मूत्राशय ही स्नायूंची पिशवी होय. मूत्रपिंडांतून थेंबथेंब उतरणारे मूत्र तीत साठते आणि साधारण ३०० ते ५०० मिलिलिटर साठल्यावर जावेसे वाटू लागते. पिशवीचे तोंड आवळून धरणारे स्नायू असतात, आणि या सर्वांना खालून आधार देणारी स्नायूंची एक झोळी ओटीपोटाच्या तळाशी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय या तिघांचा भार ती पेलते. बाळंतपणात ही झोळी ताणली जाते, कधी फाटतेही. पाळी गेल्यानंतर तेथील त्वचा व ऊती पातळ होतात. वाढलेले वजन, जुनाट खोकला, रोजचे कुंथणे आणि जड ओझी यांचा दाब तिच्यावर वर्षानुवर्षे पडत राहतो. झोळी सैल झाली की खोकल्याच्या धक्क्यासरशी लघवी निसटते.

परंतु प्रत्येक बाईचे दुखणे याच जातीचे नसते, आणि उपचाराची सारी मदार ही जात ओळखण्यावर आहे. काहींची झोळी घट्ट असते, पण मूत्राशयच अधीर होतो. थोडे साठताच तो आकुंचन पावतो, आणि किल्ली कुलपात घालीपर्यंतही धीर धरवत नाही. कित्येकींना दोन्ही त्रास एकत्र असतात. जुन्या मधुमेहात मूत्राशयाची जाणीवच मंदावते, तो तुडुंब भरतो आणि वरच्या वर ओघळतो. लघवीला जंतुसंसर्ग झाला असेल तर तो बरा होताच त्रास थांबू शकतो. रक्तदाबासाठी दिलेल्या काही गोळ्या मुळातच लघवी वाढविणाऱ्या असतात. त्या परस्पर बंद करू नयेत. वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.

पाणी तोडण्याची चूक बहुतेक सगळ्याजणी करतात. सुरतेच्या उन्हाळ्यात ती विशेष महागात पडते. पाणी कमी पडले की लघवी दाट होते, मूत्राशयाला झोंबते आणि घाई वाढते. जंतूंनाही फावते. दिवसभरात सहा ते आठ पेले पाणी थोडेथोडे करून घ्यावे, निजण्यापूर्वीच्या दोन तासांत आवरते घ्यावे. मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे. कमी करावयाचाच असेल तर चहा कमी करावा.

झोळी सैल झाल्यावर पहिला उपाय व्यायामाचा. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली या स्नायूंच्या व्यायामाविषयी लेख प्रसिद्ध केला, आणि आजही त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. त्याला जागा लागत नाही, साधन लागत नाही, पैसाही लागत नाही. कदाचित म्हणूनच त्यावर आपला विश्वास बसत नसावा! चारचौघांत वारा सरू नये म्हणून आपण जे स्नायू आवळतो, तेच हे. ते आत आणि वर ओढून पाच आकडे मोजीपर्यंत धरावेत, मग तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावेत. सरावाने दहा आकड्यांपर्यंत जावे. असे आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडू नये, पोट, मांड्या व कुल्ले ताणू नयेत. लघवी करताना मध्येच धार अडविण्याचा सराव करू नये, त्याने मूत्राशय नीट रिकामा होत नाही. गुण यावयास निदान तीन महिने लागतात, आणि बहुतेक जणी तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात. आणखी एक युक्ती: खोकला वा शिंक येणार असे वाटताच, किंवा कळशी उचलण्यापूर्वी, हे स्नायू आधीच आवळून धरावेत.

अधीर मूत्राशयाला वळण लावावे लागते. शाळेत नव्याने आलेल्या मुलाला लावतो तसेच. दर तासाला जावे लागत असेल तर आठवडाभर सव्वा तासाने जावे, नंतर दीड तासाने. मध्येच घाई झाली तर धावत न सुटता जागीच थांबावे, ते स्नायू चारपाच वेळा झटपट आवळावेत, लाट ओसरू द्यावी आणि मग शांतपणे जावे. निदान सहा आठवडे हे चालवावे.

वजन अधिक असेल तर थोडे उतरल्यानेही फरक पडतो. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी आठ टक्के वजन घटलेल्या स्त्रियांमध्ये लघवी सुटण्याचे प्रसंग जवळजवळ निम्म्यावर आले. मलावरोधावर इलाज करावा. तंबाखूची मिश्री तर सोडण्यासारखीच आहे.

एवढ्याने भागले नाही तर औषधे आहेत. घाईच्या प्रकारात मूत्राशय शांत करणाऱ्या गोळ्या देतात. त्यांतील काहींनी तोंड कोरडे पडते, शौचास साफ होत नाही आणि वृद्ध स्त्रियांच्या स्मरणावरही परिणाम होऊ शकतो. म्हणून शेजारणीची चिठ्ठी दाखवून त्या आणू नयेत. अंग बाहेर येत असेल तर आधारासाठी आत बसविण्याची कडी मिळते. गर्भाशयाला पट्टीचा आधार देण्याची एक शस्त्रक्रिया गोव्यातील शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी बसविली, हे येथे अभिमानाने सांगावेसे वाटते. खोकल्याबरोबर सुटणाऱ्या लघवीसाठी मूत्रमार्गाखाली पट्टी घालण्याची पद्धत स्वीडनचे डॉ. उल्फ उल्मस्टेन यांनी १९९६ साली प्रसिद्ध केली. ती जगभर पसरली, पुष्कळांना गुणही आला. तथापि कृत्रिम जाळीमुळे काही स्त्रियांना कायमच्या वेदना जडल्या आणि २०१८ साली इंग्लंडमध्ये तिच्या वापरावर कडक निर्बंध आले. शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाल्यास पट्टी कशाची, ती पुढे काढता येते का, आणि अशा किती शस्त्रक्रिया आपण केल्या आहेत, हे तीन प्रश्न डॉक्टरांना विचारण्याचा आपणांस पूर्ण हक्क आहे.

काही लक्षणांत वाट पाहू नये. लघवीतून रक्त जाणे, ताप व कंबरदुखी, लघवी अजिबात न होणे, पायांत एकाएकी बधिरपणा वा अशक्तपणा येणे, यांसाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अडलेल्या बाळंतपणानंतर रात्रंदिवस सतत गळत राहणारी लघवी हे बहुधा मूत्राशय व योनिमार्ग यांमध्ये पडलेल्या छिद्राचे लक्षण असते. त्याला व्यायामाचा उपयोग नाही. शस्त्रक्रियेने ते बुजविता येते, आणि अशा सुनेला घरात वेगळे बसविणारी माणसे तिच्यावर अन्याय करतात.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी तीन दिवसांची नोंद ठेवावी: किती वाजता गेलात, किती प्यायलात, केव्हा आणि काय करताना सुटली. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहवून घ्यावी. तेथे लघवीची व साखरेची तपासणी होईल, गरज वाटल्यास सोनोग्राफीत मागे किती मूत्र उरते ते पाहतील. गुजराती येत नाही म्हणून पुष्कळ मराठी बायका खिडकीपाशीच अडखळतात. पण ‘पेशाब’ हा शब्द दोन्हीकडे सारखाच समजतो. ‘खोकल्यावर पेशाब सुटतो’ की ‘पोहोचेपर्यंत धीर धरवत नाही’, यांतील आपले जे असेल ते एक वाक्य घरूनच तयार करून न्यावे, म्हणजे दुखण्याची जात अर्धीअधिक तेथेच कळते.