पोलीस येतील, पण अटक करायला नाही

‘पोलिसांना बोलावलं की लॉकअपमध्ये टाकतील.’ घरचा माणूस आजाराच्या भरात बेभान झाला, तरी या धास्तीनं ११२ लावला जात नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये आला. त्याच्या कलम १०० नुसार आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका असलेल्या माणसाला पोलीस ‘संरक्षणाखाली’ घेतात. त्याला कारण सांगून, फार तर २४ तासांत, जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत पोचवायचं असतं. कोठडीत ठेवायची मुभा कोणत्याही परिस्थितीत नाही.

‘आधी कोर्टाची ऑर्डर लागते’ हे १९८७ च्या कायद्यातून मागे राहिलेलं. तेव्हा माणूस मॅजिस्ट्रेटपुढे उभा राहायचा, आता डॉक्टरपुढे. आणि तिथून थेट ठाण्याच्या मनोरुग्णालयात रवानगी होते, हीही ऐकीव गोष्ट. आधी तपासणी होते, तीही कूपर किंवा कांदिवलीच्या शताब्दीसारख्या साध्या रुग्णालयात होऊ शकते.

मुंबईच्या मढ गावाची खरी अडचण वेगळीच आहे. जेटीवरून वर्सोवा समोर दिसतं, पण पोलिसांच्या गाडीला मार्वे-मालाडचाच वळसा. गाव मालवणी पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतं. म्हणून फोनवर नुसतं ‘येडा झालाय, लवकर या’ म्हणू नये. आजार कोणता, गोळ्या कधीपासून बंद, हातात कोयता-सुरी आहे का, तो कुणाचं ऐकतो, हे सांगावं. गाडी येईपर्यंत गर्दी हटवावी, मोबाइलवरचं शूटिंग थांबवावं, एकानंच हळू आवाजात बोलावं. साखळीनं बांधणं तर कायद्यानंच मना आहे.

पोलिसांनाही हे शिकावं लागतं. अमेरिकेत मेम्फिसला एका मनोरुग्णाचा पोलिसांच्या गोळीनं जीव गेल्यावर १९८८ मध्ये निवडक शिपायांसाठी ४० तासांचं प्रशिक्षण सुरू झालं. आपल्या कायद्यातही पोलिसांना वेळोवेळी प्रशिक्षण द्यायची जबाबदारी सरकारवर आहे. ते कागदावर राहिलं, तर शिपाई सवयीनं काठीच उगारणार.

‘जीव द्यायला गेला म्हणून केस होईल’ ही भीतीही जुनीच. मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ११५ असा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरूनच चालतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेतलं कलम ३०९ नाही. बोलायला टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६.

किनाऱ्यावर भटकणारा अनोळखी माणूस? ‘त्याचं कोण आहे’ म्हणून पोलिसांना हात झटकता येत नाहीत. बेपत्ता व्यक्तीचा एफआयआर नोंदवून घरच्यांना शोधणं हे ठाणेदाराचं कर्तव्य आहे. मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानींना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो अशाच माणसांवर उपचार करून त्यांना घरी पोचवण्यासाठी.