तिसरा फटका, हलक्या हाताने
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आज आपण पिकलबॉलबद्दल बोलणार आहोत. खेळ म्हणजे काय, पॅडल कसं धरायचं, हे नव्हे. ज्या बायका महिना-दोन महिने खेळल्या आहेत आणि आता जिथे अडकल्या आहेत, त्या जागेबद्दल बोलायचं आहे. ती जागा म्हणजे तिसरा फटका.

वसईपासून विरारपर्यंत आपल्याकडच्या सोसायट्यांमध्ये आता बॅडमिंटनच्या जुन्या कोर्टावर पिकलबॉल खेळतात. हे सहज जमतं, कारण पिकलबॉलचं कोर्ट आणि बॅडमिंटनचं दुहेरीचं कोर्ट एकाच मापाचं असतं : ४४ फूट लांब, २० फूट रुंद. बदलते ती जाळी. ती कडेला ३६ इंच आणि मधोमध ३४ इंच, म्हणजे साधारण कमरेएवढी असते. अमेरिकेत सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर १९६५ साली सुट्टीत कंटाळलेल्या मुलांसाठी घरच्या मोठ्यांनी एका जुन्या बॅडमिंटन कोर्टावरच हा खेळ सुरू केला. आपल्याकडे तो आणला मुंबईच्या सुनील वालावलकरांनी. त्यांनी तो कॅनडात पाहिला आणि २००८ मध्ये ऑल इंडिया पिकलबॉल असोसिएशन उभी राहिली.

शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदा मैदानात उतरलेल्या कितीतरी बायका मला या कोर्टांवर भेटतात. सुरुवातीला उत्साह असतो. मग जोरात मारणारे दोघे समोर आले की सगळं बिघडतं. आपण सर्व्ह करतो, समोरून चेंडू परत येतो, आपण ताकद लावून मारतो आणि समोरचा जाळीजवळ उभा राहून तो आपल्याच पायांवर आपटतो. चार दिवस असं झालं की "हा काही आपला खेळ नाही" म्हणत बाई घरी बसते. नवऱ्याबरोबर किंवा शेजाऱ्याबरोबर मिश्र दुहेरी खेळत असेल, तर "तू कडेला राहा, मी घेतो" हे ऐकावं लागतं ते वेगळंच. गंमत अशी की या अडचणीचं उत्तर ताकदीत नाहीच. ते हलक्या हातात आहे.

तिसऱ्याच फटक्याला अडचण का?

पहिला फटका सर्व्ह. दुसरा फटका समोरच्यांनी केलेला रिटर्न. तिसरा पुन्हा आपला. आता नियम बघा. सर्व्ह समोरच्यांच्या कोर्टात एक टप्पा पडल्यावरच त्यांनी मारायचा. त्यांचा रिटर्नही आपल्या बाजूला एक टप्पा पडल्यावरच आपण मारायचा. म्हणून सर्व्ह करणाऱ्या दोघींना मागच्या रेषेपाशी थांबावंच लागतं. रिटर्न मारणाऱ्यांना मात्र तसं बंधन नाही. त्यांची एक खेळाडू आधीच पुढे उभी असते आणि दुसरी रिटर्न मारून धावत पुढे येते. म्हणजे तिसरा फटका मारताना आपण जाळीपासून २२ फूट मागे आणि ते दोघे जाळीपासून फक्त ७ फुटांवर.

त्या ७ फुटांच्या पट्ट्याला म्हणतात किचन. आपला सगळा दिवस ज्या जागेत जातो तिचंच नाव! पण इथलं किचन उलटं आहे. त्यात उभं राहून, किंवा त्याच्या रेषेवर पाय ठेवून, चेंडू हवेतल्या हवेत मारता येत नाही. मारल्यानंतर तोल जाऊन आत पाय पडला तरी चूकच. चेंडूचा टप्पा पडला असेल तर मात्र खुशाल आत जाऊन मारा. म्हणून हुशार खेळाडू किचनच्या दारात उभी राहते, आत मुक्काम करत नाही. ज्यांनी ते दार धरलं, त्यांच्या हातात खेळ.

आणखी एक गोष्ट. आपण खेळतो त्या नेहमीच्या पद्धतीत गुण फक्त सर्व्ह करणाऱ्या बाजूलाच मिळतो. म्हणजे ज्या वेळी आपण गुण मिळवू शकतो, नेमक्या त्याच वेळी आपण मागे अडकलेल्या असतो. तिसरा फटका बिघडत राहिला, तर समोरच्यांच्या सर्व्हवर कितीही चांगलं खेळा, आपला गुणफलक हलत नाही. ११ गुणांच्या डावात ३ वर अडकून पडण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आपण वसईकर आहोत, म्हणून आपल्या किल्ल्याचंच उदाहरण घेऊ. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेला समोरून धडका देऊन तट मिळाला नाही. तटाखाली सुरुंग लावावे लागले. जाळीजवळ उभे असलेले दोघे म्हणजे तो तट. त्यांच्या छातीवर चेंडू मारत बसलात, तर तुमचाच दारूगोळा संपेल. चेंडू त्यांच्या पायाखाली जायला हवा.

ड्रॉप म्हणजे काय?

यालाच थर्ड शॉट ड्रॉप म्हणतात. चेंडू मागच्या रेषेजवळून असा उचलायचा की त्याची सर्वात जास्त उंची आपल्याच बाजूला, जाळीच्या अलीकडे यावी. जाळी ओलांडताना तो खाली उतरत असावा आणि समोरच्या किचनमध्ये पडावा. मग समोरच्याला जाळीच्या उंचीखालचा चेंडू वर उचलावा लागतो. खालून वर उचलताना जोरात मारलं तर चेंडू कोर्टाबाहेर जातो, म्हणून त्यालाही हळूच खेळावं लागतं. तेवढ्या वेळात आपण दोघी पुढे येतो. ड्रॉपचं काम एवढंच : वेळ मिळवणं. त्यावर गुण मिळायलाच हवा, अशी अपेक्षा ठेवू नका.

हात कसा ठेवायचा? पॅडल घट्ट आवळू नका. पूर्ण ताकदीच्या पकडीला १० म्हटलं, तर आपली पकड ३ किंवा ४ असावी. गुडघे वाकवा. चेंडू शरीराच्या पुढे असताना गाठा, पोटाजवळ येऊ देऊ नका. मनगट न झटकता हात खांद्यापासून खालून वर न्या, पाळणा ढकलावा तसा. मागे फार ओढू नका, कारण जेवढं मागे न्याल तेवढा जोर येईल. आणि मारताना पाय थांबलेले हवेत. धावता धावता मारलेला ड्रॉप सहसा जाळीत जातो, नाहीतर उंच उडतो.

कुठे मारायचा? शक्यतो मधून किंवा तिरका. मधे जाळी २ इंच खाली असते. तिरक्या फटक्याला जागाही जास्त मिळते. सरळ मारला तर मागच्या रेषेपासून समोरच्या किचनच्या रेषेपर्यंत २९ फूट अंतर, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिरकं मोजलं तर सुमारे ३५ फूट. नवशिक्या हाताला ते ६ फूट फार उपयोगी पडतात.

चूक व्हायचीच असेल तर कुठली परवडते? थोडी उंचीची. जाळीत गेलेल्या चेंडूवर खेळ तिथेच संपतो. थोडा उंच गेलेला चेंडू समोरचा मारेल, पण आपण तयार असलो तर परतवता येईल.

ड्रॉपच नेहमी मारायचा का?

नाही. समोरून रिटर्न कसा आला, यावर ते ठरवा. रिटर्न खोल, आपल्या मागच्या रेषेजवळ पडला, तर ड्रॉप. तो आखूड पडून छान उसळला, तर पुढे सरकून जोरात, पण जाळीला घासून जाईल असा खाली मारा. याला ड्राइव्ह म्हणतात. तो रिकाम्या कोपऱ्यात मारण्याच्या मोहात पडू नका. दोघांच्या मधल्या फटीत मारा, किंवा रिटर्न मारून अजून पुढे धावत येत असलेल्या खेळाडूकडे मारा. धावताना कुणालाच नीट अडवता येत नाही. चेंडू कसाबसा परत आला की पाचव्या फटक्याला ड्रॉप करा. म्हणजे तिसऱ्याला जमलं नाही तर पाचवा आहे, पाचव्याला नाही तर सातवा. एका हप्त्यात सगळं कर्ज फिटत नाही.

समोरच्यांच्या डोक्यावरून उंच उडवायचा फटका, म्हणजे लॉब, क्वचितच वापरा. मागच्या रेषेवरून तो नेमका पडणं अवघड. तो आपल्यावर आला, तर मात्र एक पथ्य पाळा : तोंड समोर ठेवून उलट्या पावलांनी मागे कधीही धावू नका. आधी वळा, मग धावा. उलटं धावताना पडणं आणि मनगट मोडून घेणं, या वयात महागात पडतं.

जोडीदारणीचं काम

तिसरा फटका एकीचा नसतो, दोघींचा असतो. चेंडू मधे आला तर कोण घेणार, हे खेळ सुरू होण्याआधीच ठरवा. दोघी उजव्या हाताने खेळत असाल, तर डावीकडच्या खेळाडूचा सरळ हात मधे येतो, म्हणून मधला चेंडू सहसा तिचा. मिश्र दुहेरीतही हाच नियम. बाई डावीकडे असेल तर मधला चेंडू बाईचा. "माझा!" असं मोठ्याने म्हणायला लाजू नका.

जी मारत नाही, तिने चेंडूकडे बघत बसू नये. ड्रॉप खाली उतरताना दिसला की दोघींनी पुढे जायचं. उंच गेला तर जिथे असाल तिथेच थांबून पॅडल छातीसमोर धरायचं. एका दमात किचनपर्यंत धावायची गरज नाही. समोरची खेळाडू मारायच्या क्षणी दोन्ही पाय थोडे फाकवून थांबा, चेंडू परतवा, मग पुढची दोन पावलं टाका. विरार लोकलमध्ये दारातून आत सरकतो ना, तसंच. जागा होईल तसं पुढे.

किचनच्या दारात पोचल्यावर दोन्ही बाजूंनी हलके फटके सुरू होतात. त्यांना डिंक म्हणतात. आपल्या लाडवातला डिंक नव्हे! पण चिकाटी दोन्हीला लागते. समोरच्याकडून चेंडू उंच येईपर्यंत वाट बघा आणि तो आला की मग ताकद दाखवा.

तिसऱ्याची तयारी पहिल्यापासून

सर्व्ह खोल टाकला तर समोरच्याला मागे राहून रिटर्न मारावा लागतो. त्याला पुढे यायला वेळ लागतो आणि आपला तिसरा फटका सोपा होतो. उलट आपण रिटर्न मारत असू, तेव्हा तो खोल आणि थोडा उंच मारा, म्हणजे त्यांचा तिसरा फटका अवघड होतो आणि आपल्याला पुढे यायला सवड मिळते.

आपल्याकडे संध्याकाळी समुद्राचा वारा सुटतो. पिकलबॉलचा चेंडू हलका आणि भोकांचा. बाहेर खेळायच्या चेंडूला साधारण ४० भोकं असतात, तरी वारा त्याला ढकलतोच. वारा तोंडावर असेल तर ड्रॉप थोडा जास्त जोर देऊन मारा. वारा पाठीवर असेल तर हात आणखी हलका करा. आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या किंवा ओल्या कोर्टावर खेळूच नका. चपला नकोत, तळ न घसरणारे बूट हवेत. ओढणी कमरेला घट्ट बांधा.

रोज १५ मिनिटांचा सराव

दोघीच असाल तरी हा सराव होतो. पहिली ५ मिनिटं दोघी किचनच्या रेषेपाशी उभ्या राहून हलके फटके मारा. पुढची ५ मिनिटं एकीने दोन-दोन पावलं मागे जात ड्रॉप मारायचा. एका जागेवरून १० पैकी ६ चेंडू किचनमध्ये पडले की आणखी मागे जायचं. मागच्या रेषेपर्यंत पोचायला काही आठवडे लागतील, लागू द्या. समोरच्या किचनमध्ये जुनी चादर अंथरली की नेम दिसतो. मात्र खेळ सुरू करण्याआधी ती उचला, नाहीतर पाय अडकेल.

शेवटची ५ मिनिटं छोटा डाव. एक बाजू किचनच्या रेषेपाशी, दुसरी मागे. पुढच्या बाजूने खोल चेंडू देऊन सुरुवात करायची. पुढच्या बाजूला जिंकायला ११ गुण लागतील, मागच्या बाजूला ७ पुरतील. मागून खेळणं अवघड, म्हणून ही सवलत. या डावात गुण कुणालाही मिळतो. मग जागा बदला.

बचत गटात आपण दर महिन्याला थोडे थोडे पैसे टाकतो, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत काही दिसत नाही. ड्रॉपचंही तसंच आहे. सुरुवातीला तुमचे पाच-सहा ड्रॉप जाळीत जातील, जोडीदार कपाळाला आठ्या घालेल, "मार ना जोरात" म्हणेल. तरी हलकाच मारा. महिन्याभराने जोरात मारणारे दोघे समोर उभे असतील, तुमचा चेंडू त्यांच्या पायाशी मऊसूत पडेल आणि त्यांना वाकावं लागेल. मग तुम्हाला कडेला उभं राहायला कुणी सांगणार नाही.

पॅडल एकीचं असलं तरी चौघी आळीपाळीने सराव करू शकतात. शेजारणीला हाक मारा, चादर अंथरा आणि आज संध्याकाळीच १० चेंडू मोजून मारा.