तिथीची पाऊणपट

आमच्या लहानपणी गोवळकोटच्या धक्क्यावर “किती वाजले?” असे कोणी कोणास विचारीत नसे. “पाणी कुठवर आले?” असे विचारीत. त्या प्रश्नाच्या उत्तरावर हमालांचे काम सुरू होई, व्यापाऱ्याच्या वखारीचे कुलूप निघे आणि आमच्या घरी चूल केव्हा पेटवावयाची तेही ठरे. ज्या नदीवर माझे वडील तांडेल होते आणि ज्या धक्क्यावर माझे बालपण गेले, तेथील कामकाज कसे चालत असे हे आज थोडक्यात सांगावे असा माझा विचार आहे. त्या कामाचा सगळा हिशेब एका लहानशा गणितात सामावलेला होता. म्हणून प्रारंभ त्या गणितापासून करतो.

वाशिष्ठी नदी सह्याद्रीत उगम पावते, चिपळुणावरून वाहत येते आणि दाभोळपाशी अरबी समुद्रास मिळते. दाभोळच्या मुखापासून चिपळूणजवळच्या गोवळकोट बंदरापर्यंत खाडीचे अंतर सुमारे ४० किलोमीटर आहे. एवढ्या आत समुद्राचे पाणी रोज दोनदा चढते व दोनदा उतरते. भरलेले गलबत इतक्या आत आणण्यास शीड व वल्ही यांचा उपयोग थोडाच. खरे वाहन म्हणजे भरतीचे पाणी. भरतीबरोबर वर यावयाचे, सुकतीबरोबर खाली जावयाचे आणि मध्ये पाणी फिरले तर नांगर टाकून स्वस्थ बसावयाचे, ही तेथील रीत होती.

आता ही भरती केव्हा येणार हे घड्याळावाचून कसे कळावे? कोकणच्या किनाऱ्यावर त्यास एक जुना आडाखा आहे. त्या दिवशीची तिथी घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहा वाजता. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी येते, म्हणून हाच आकडा दिवसासही चालतो आणि रात्रीसही. ओहोटी या दोहोंच्या मध्ये.

हा आडाखा खरा का ठरतो तेही पाहण्याजोगे आहे. समुद्राचे पाणी मुख्यतः चंद्र ओढतो, आणि चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटे उशिरा डोक्यावर येतो. म्हणून भरतीही रोज तितकीच मागे सरते. तिथी ही दिवसापेक्षा सरासरीने किंचित लहान असल्यामुळे एका तिथीस सरकणारा वेळ सुमारे ४८ मिनिटांचा होतो. आमच्या पूर्वजांनी त्याचा पाऊण तास केला. तीन मिनिटांची ही चूक पंधरा तिथींत साचून पाऊण तासाची होते. त्यामुळे अमावास्येस किंवा पौर्णिमेस हिशेब सव्वाअकरा सांगतो आणि पाणी बाराच्या सुमारास भरते. पण तेथे तिथी पुन्हा एकपासून सुरू होते, आणि चूक पुढे जात नाही. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनीही हा हिशेब बोटांच्या पेरांवर बिनचूक चालविला. मात्र तो खाडीच्या मुखाचा हिशेब होय. पाणी आत चढावयास वेळ लागतो, आणि कोणत्या वळणावर किती उशीर धरावयाचा हे प्रत्येक तांडेल अनुभवाने शिकत असे.

भरतीची वेळ कळली म्हणजे अर्धेच कळले. तिची उंची हा दुसरा अर्धा भाग. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात. तेव्हा पाणी पुष्कळ चढते आणि पुष्कळ उतरते. यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ एकमेकींस छेदते आणि पाण्याची चढउतार अगदी थोडी राहते. यास भांग म्हणतात. उधाणाचा कळस नेमका पौर्णिमेस न येता एकदोन दिवस मागाहून येतो. भांगाच्या दिवसांत भरलेली गलबते दाभोळकडेच थांबत, आणि उधाण लागले की एकामागून एक वर येत. धक्क्यावरचे हमालही पंधरवड्याच्या याच तालावर जगत. उधाणात त्यांस रात्रंदिवस उसंत नसे. भांगात ते शेतावर किंवा सावकाराच्या ओसरीवर दिसत.

हमालांचे काम पाहण्यास सोपे व करण्यास कठीण होते. गलबत धक्क्यास लागे ते भरतीच्या माथ्यावर. त्या वेळी त्याचा काठ आणि धक्क्याची पायरी जवळजवळ समपातळीत येत. परंतु पाणी काही कोणासाठी थांबत नाही. तासाभरात गलबत खाली जाऊ लागे आणि मधल्या फळीचा उतार चढ होई. शेवटच्या पाट्या डोक्यावर घेऊन ती ओली फळी चढणारी माणसे मी पाहिली आहेत. मजुरी पाटीवर मिळे, तासावर नव्हे. चढाची पाटी आणि सपाटीची पाटी यांस दर एकच होता. ही गोष्ट मला तेव्हाही न्यायाची वाटली नाही, आणि आजही वाटत नाही.

माझ्या जन्मापूर्वी या धक्क्याचे दिवस अधिक भरभराटीचे होते असे वडीलधारे सांगत. बहमनी व आदिलशाही अमलात दाभोळ हे मोठे बंदर होते. पुढे चिपळूणला घाटावरचा माल कुंभार्ली घाटाने बैलांवर उतरे आणि गोवळकोटहून मुंबईस जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्याहून मिरजेकडे लोहमार्ग गेला, तेव्हा घाटमाथ्यावरचा पुष्कळसा व्यापार त्या बाजूस वळला. आमच्या वाट्यास उरले ते कोकणचे स्वतःचे जिन्नस. जाताना लाकूड, कोळसा, हिरडा, आंबे. येताना मीठ, कापड, साखर, घासलेट आणि मंगलोरी कौले.

आता १९५६ सालची एक हकीकत सांगतो. मी त्या वेळी अकरा वर्षांचा होतो, आणि सुटीत वडिलांबरोबर गलबतावर होतो. गलबत आजोबांनी बांधलेले, त्यावर चार खलाशी. मे महिना संपत आला होता. मृग लागण्यापूर्वी गलबत किनाऱ्यावर ओढून शाकारणे हा सर्व नाखव्यांचा नेम असे. १९४७ च्या १७ जुलैस मुंबईहून रेवसला जाणारी ‘रामदास’ बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसे गेली होती. तेव्हापासून आमच्या घरी आई पावसाच्या नुसत्या नावाने अस्वस्थ होई. ती खेप मिठाची, वर्षातील शेवटची. पावसाळ्यासाठी मीठ साठवावयाचे म्हणून व्यापाऱ्याने नेहमीपेक्षा अधिक माल भरण्याचा आग्रह धरला, आणि भाडे अधिक मिळते म्हणून वडिलांनी तो मानला. दोष एकट्या व्यापाऱ्याचा नव्हता, हे येथे सांगितले पाहिजे.

त्या वर्षी वैशाखी पौर्णिमा २४ मे रोजी होती. आम्ही २६ तारखेस, वद्य द्वितीयेस, दुपारच्या भरतीबरोबर वर निघालो. दोनाची पाऊणपट दीड, आणि वरच्या वळणास थोडा उशीर. वारा पश्चिमेचा, पाणी भरपूर, सर्व अनुकूल. पण दरवर्षीच्या पुरात नदी आपल्या तळाची वाळू उचलते आणि नव्या जागी टाकते. एका वळणावर अशीच वाळूचा दांडा वाढत चालला होता. हलके गलबत त्यावरून सहज गेले असते. आमचे गेले नाही. तळ वाळूस घासल्याचा आवाज आला आणि आम्ही जागच्या जागी उभे राहिलो.

मला वाटले, एक भरती चुकली तर दुसरी आहेच. वडिलांच्या चेहऱ्यावर मात्र रंग उरला नव्हता. भांगाच्या दिवसांत गलबत रुतले तर चिंता नसते, कारण पुढली प्रत्येक भरती आधीच्या भरतीहून मोठी असते. आम्ही रुतलो होतो उधाणाच्या ऐन माथ्यावर. शिवाय उन्हाळ्याच्या अखेरीस आमच्या किनाऱ्यावर दुपारची भरती रात्रीच्या भरतीहून मोठी असते. म्हणजे रात्रीच्या पाण्यावर भरवसा नाही. दुसऱ्या दिवसाची दुपार साधली नाही, तर त्यापुढचे प्रत्येक पाणी कमीच. इतके पाणी पुन्हा मिळावयाचे ते अमावास्येच्या उधाणास, आणि ती अमावास्या होती ८ जून रोजी. तोवर मृग लागणार, वरून पूर येणार. शिवाय दर ओहोटीस भरलेले गलबत वाळूवर कलते, भाराने फळ्यांचे सांधे सैल होतात आणि पुढच्या भरतीस पाणी आत शिरते. पंधरा दिवसांत त्याच्या फळ्याच हाती लागल्या असत्या.

एका खलाशाबरोबर मला होडीतून गोवळकोटला पाठविण्यात आले. व्यापाऱ्याच्या दिवाणजीस मी सर्व सांगितले. तो म्हणाला, “तुझ्या बापाला सांग, माल पुरा उतरला पाहिजे. एक पाटी कमी भरली तरी भाड्यातून कापू.” होड्या देण्याचे त्याने नाव काढले नाही. परत निघालो तेव्हा हमालांचा मुकादम धक्क्यावर बसला होता. त्याने सर्व ऐकून घेतले आणि कोणास न विचारता दोन होड्या व सहा माणसे आमच्याबरोबर दिली.

रात्रीच्या पाण्यावर त्या होड्यांनी जमेल तितके मीठ वर नेले. ते पुरेसे नव्हते. सकाळच्या ओहोटीत गलबत कुशीवर कलंडलेले, आणि वडील त्याभोवती चालत भिजलेल्या फळीवरची जुनी पाण्याची रेघ न्याहाळीत होते. आज पाणी त्या रेघेच्या किती खाली राहील, आणि तेवढ्याने उचलले जाण्यास गलबत किती हलके झाले पाहिजे, हे ते मनाशी मोजीत होते. मग ते वर चढले आणि म्हणाले, “टाका.” चार खलाशी, सहा हमाल आणि मी, आम्ही उरलेल्या मिठाचा निम्म्याहून अधिक भाग नदीत ओतला. पाणी चढू लागले. माथ्याच्या थोडेसे आधी गलबत हलले, आणि दिवस मावळण्यापूर्वी आम्ही गोवळकोटला लागलो.

व्यापाऱ्याने मिठाची किंमत पुरी वसूल केली. वडिलांनी ती दोन हंगामांच्या भाड्यातून फेडली. मुकादमाच्या माणसांना मजुरी दिवाळीनंतर मिळाली, आणि तोवर त्यांपैकी एकानेही ती मागितली नाही. पुढे मोठेपणी मी वडिलांस विचारले की, दुसऱ्याचा माल पाण्यात ओतण्याचा हक्क आपणांस होता काय? ते म्हणाले, “नव्हता. म्हणून तर पैसे भरले. मीठ दरसाल पिकतं. गलबत गेलं असतं तर पाच घरं बसली असती.” या उत्तरात मला त्या धंद्याचा सगळा न्याय दिसतो. निर्णय घेण्याचा अधिकार पाण्यावरच्या माणसाकडे, आणि त्याची किंमतही त्याच्याच माथी.

तो धंदा आता राहिला नाही. मालमोटारी आल्या. आगबोटींची किनाऱ्यावरील वाहतूक बंद पडली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली. कोयनेच्या प्रकल्पातून १९६२ पासून वीजनिर्मितीनंतरचे पाणी वाशिष्ठीत सोडले जाऊ लागले, आणि नदीचे वाहणेही पूर्वीचे राहिले नाही. वडिलांनी गलबत विकले.

मग हे गणित आज कशास सांगावयाचे, असे कोणी विचारील. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात पूर आला आणि बाजारपेठ पाण्याखाली गेली. वर सह्याद्रीत अतिवृष्टी, पात्रात वर्षानुवर्षांचा गाळ, आणि पौर्णिमा अवघ्या दोन दिवसांवर. समुद्राचे पाणी खाडीत चढलेले असले म्हणजे नदीच्या पाण्यास वाट मिळत नाही. पुरानंतर गाळ काढण्याची मागणी गावाने लावून धरली, आणि पुढे तो काढण्यास आरंभही झाला. त्या दिवशी त्रयोदशी होती. तेराची पाऊणपट पावणेदहा. मी घरी बसून बोटांच्या पेरांवर हेच मोजीत होतो, आणि पाणी केव्हा उतरू लागेल ते शेजाऱ्यांस सांगत होतो. धक्का ओस पडला तरी नदीने आपला नेम सोडलेला नाही. तिच्या काठी जे राहतात, त्यांनी निदान तिथी विसरू नये.