शाहू महाराजांची सुटका आणि येसूबाईंची बारा वर्षे

१६८९ साली रायगड मोगलांच्या हाती पडला, तेव्हा येसूबाई आणि त्यांचे सात वर्षांचे चिरंजीव शाहू बादशाही छावणीत नजरकैद झाले. आणि औरंगजेब दख्खन जिंकण्याच्या ईर्षेने गडामागून गड घेत हिंडत असता त्या फिरत्या छावणीतच या राजपुत्राचे बाल्य सरले, तारुण्य आले, लग्नेही झाली. शहाजादी झीनतउन्निसेने त्यांच्यावर माया केली, हे कृतज्ञतेने नमूद केलेच पाहिजे.

१७०७ च्या प्रारंभी बादशहा वारला. तख्तासाठी उत्तरेकडे धावणाऱ्या आझमशहाने मे महिन्यात भोपाळनजीक दोराहा येथून शाहूंना जाऊ दिले, ते मराठ्यांत दुही माजावी या हिशेबाने. येसूबाईंना मात्र त्याने ओलीस ठेवून घेतले.

स्वदेशी परतलेल्या या राजापुढे पहिला प्रश्न गादीचा नव्हे, ओळखीचा होता. सात वर्षांचे मूल गेले आणि पंचविशीतला पुरुष आला. तो संभाजीराजांचाच पुत्र कशावरून? ज्यांनी ऐन संकटात औरंगजेबाशी झुंजून राज्य राखले, त्या ताराबाईंनी त्यांना तोतया ठरविले, आणि त्यांच्या पराक्रमाचा विचार करता त्यांची कटुता मला अगदीच अनाकलनीय वाटत नाही. अशा वेळी परसोजी भोसल्यांनी शाहूंबरोबर एका ताटात जेवून सर्वांदेखत त्यांच्या कुळाची ग्वाही दिली, असे सांगतात. वाटेत पारद गावच्या पाटलाने विरोध केला, लढाईत तो पडला, आणि त्याच्या विधवेने आपले मूल महाराजांच्या पालखीत घातले. महाराजांनी त्याला फत्तेसिंग नाव देऊन पुत्रवत वाढविले, आणि अक्कलकोटचे घराणे त्याच्यापासूनच चालले. परक्यांच्या कैदेत वाढलेल्या माणसाने वैऱ्याच्या पोराला असे उराशी धरावे, यातच त्यांच्या पुढील राजवटीचा स्वभाव दिसतो.

ऑक्टोबरात भीमातीरी खेड येथे ताराबाईंची फौज आडवी आली. परंतु सेनापती धनाजी जाधवांची खात्री पटली होती, ते शाहूंना मिळाले, आणि १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास राज्याभिषेक झाला. त्या सोहळ्यात राजमातेचे आसन ज्यांचे, त्या मोगलांच्या कैदेतच होत्या.

आईची सुटका हे त्यानंतर अकरा वर्षे दरबाराचे अपुरे राहिलेले काम होते. मोगलांचा दख्खनचा सुभेदार सय्यद हुसेनअली याच्याशी झालेल्या तहात तिचे कलम घातले गेले, आणि १७१९ साली पेशवे बाळाजी विश्वनाथ फौजेनिशी दिल्लीस जाऊन स्वराज्य, चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले, तेव्हा येसूबाईही साताऱ्यास आल्या. सनदांचे मोल थोर आहे, यात शंका नाही. तथापि त्या स्वारीची फलश्रुती सांगताना चौथाईआधी या माउलीचे नाव घ्यावे, असे मला मनापासून वाटते. कारण पुत्राच्या मोकळीकीची किंमत बारा वर्षे तिनेच फेडली होती.