ऑफ-रोड गाडीत हवेची लाइन कशी टाकतात?

खडकीतून जाणाऱ्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर ट्रकवाल्याने ब्रेकवरचा पाय काढला की ‘फुस्स’ असा आवाज येतो. ती ब्रेकमधून सुटलेली दाबाची हवा असते. इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर, हवेची टाकी आणि नळ्या ही जड वाहनांतली जुनी मांडणी आहे. थार किंवा गुरखासारख्या गाडीत हौशी चालक हीच मांडणी लहान आकारात, १२ व्होल्टच्या बॅटरीवर बसवून घेतात.

ती लागते कशाला?

वाळूत किंवा चिखलात टायरची हवा ३० पीएसआयवरून १८ च्या आसपास उतरवतात. टायर पसरतो आणि पकड वाढते. पण डांबरी रस्त्यावर तशीच गाडी वेगाने पळवली, तर टायरची बाजू सतत दुमडून तापते आणि टायर फुटू शकतो. म्हणून रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरावीच लागते.

पहिली नळी वेगळी का?

दाबली की हवा तापते. त्यामुळे कॉम्प्रेसरमधून निघणारी पहिली नळी स्टीलच्या जाळीची, आतून टेफ्लॉनची घेतात. पुढे हवा निवल्यावर नायलॉनची नळी चालते. प्लंबिंगची पीव्हीसी पाइप मात्र कधीही वापरू नये. दाबाखाली ती तडकली, तर तिचे तुकडे उडतात.

टाकीत पाणी कुठून येते?

७ बार, म्हणजे सुमारे १०० पीएसआय दाबाला हवा जवळपास आठपट दाबली जाते. पावसाळ्यातली दमट हवा इतकी दाबून निवली की तिच्यातल्या बाफेचा बराचसा भाग पाणी होऊन टाकीच्या तळाशी साचतो. म्हणून पाणी सोडायचा कॉक सर्वांत खाली हवा. टाकीआधी हवा मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह, टाकीवर सेफ्टी व्हॉल्व्ह आणि ठरलेल्या दाबाला मोटर बंद करणारा प्रेशर स्विच लागतो.

टाकी मोठी वाटली तरी तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. ४ लिटरच्या टाकीतला दाब ७ बारवरून २ बारवर येईपर्यंत २० लिटर हवा मिळते. ६० लिटरच्या एका टायरचा दाब १ बारने वाढवायला मात्र ६० लिटर हवा लागते. म्हणजे खरे काम कॉम्प्रेसरच करतो.

नळी आणि वायर टाकताना

नळी सायलेन्सरच्या पाइपापासून लांब न्यावी. पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट बसवावा. हलणाऱ्या भागांजवळ थोडी ढील ठेवावी. नळीचे टोक सरळ कापावे. तिरके कापले तर कनेक्टर गळतो. टेफ्लॉन टेप लावताना पहिला आटा मोकळा सोडावा, नाहीतर टेपचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये अडकतात.

मोटर २०-३० अँपिअर किंवा त्याहून जास्त करंट ओढते. म्हणून जाड वायर, रिले आणि बॅटरीजवळच फ्यूज हवा. गाडीच्या ब्रेकच्या नळ्यांना हात लावू नये.

शेवटची परीक्षा

टाकी भरून प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर तिथे गळती आहे. मग मीटरवरचा आकडा लिहून गाडी रात्रभर उभी ठेवावी. सकाळी दाब बराच उतरलेला असेल, तर गळती राहिली आहे. ती घराच्या अंगणात सापडलेली बरी. घाटात सापडली तर चारही टायर बसलेले असतात.